विठ्ठल मागितला तर बासरीवाला कृष्ण येतो, मग प्रॉम्प्ट लिहायचा तरी कसा

चित्रं काढणाऱ्या एआयला नुसतं 'विठ्ठल' लिहून बघा (आपण जे लिहून मागतो तोच प्रॉम्प्ट), बऱ्याचदा निळं अंग, मोरपीस, हातात बासरी आणि मागे कमळाचं तळं असा सगळा थाट येतो, म्हणजे कृष्ण आला. कारण साधं आहे. ही मॉडेल्स नेटवरचे फोटो आणि त्यासोबतचा मजकूर अशा जोड्यांवर शिकलीत, स्टेबल डिफ्यूजन नावाचं मॉडेल ज्यातून शिकलं त्या लायन ५बी नावाच्या साठ्यात ५८५ कोटी जोड्या होत्या, त्यातल्या २३२ कोटी इंग्रजी, आता त्या इंग्रजी ढिगात कृष्ण किती आणि पंढरीचा पांडुरंग किती असेल याचा अंदाज तुम्हीच लावा.

म्हणून पहिली आणि खरं तर एकच गोष्ट लक्षात ठेवा, नाव मागायचं नाही, रूप सांगायचं. त्याला पुंडलिकाची गोष्ट सांगून उपयोग नाही, कुठला हात कुठे आहे ते सांगा. आणि आपलं नशीब असं की हे वर्णन करायचं काम आपल्याकडे आधीच होऊन गेलंय, अभंग, आरत्या, ध्यानश्लोक यात मूर्ती डोक्यापासून पायापर्यंत सांगितलेली असते. ते घ्या आणि साध्या भाषेत उतरवा. मी विठ्ठलासाठी साधारण असं लिहितो:

"काळ्या पाषाणाची उभी मूर्ती, बरोबर समोरून, दोनच हात, दोन्ही तळवे कमरेला टेकलेले, कोपरं बाहेर, पाय जुळलेले आणि विटेवर, कानात माशाच्या आकाराची मोठी कुंडलं, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर उंच निमुळता मुकुट, कपाळावर चंदन आणि मधे काळ्या बुक्क्याचा ठिपका, पिवळा पीतांबर, चेहरा शांत, दगडी गाभारा, डावीकडून समईचा उजेड."

यात 'बासरी नको' असं कुठेही लिहिलेलं नाही, मुद्दामच. जुन्या मॉडेलमध्ये तर हमखास, आणि नव्यातही अधूनमधून, तुम्ही 'नको' लिहा नाहीतर 'हवी' लिहा, त्याने बासरी हा शब्द वाचला की बासरी आलीच. स्टेबल डिफ्यूजनमध्ये निगेटिव्ह प्रॉम्प्टचा वेगळा बॉक्स असतो, नको त्या गोष्टी तिथे टाका, मिडजर्नी या दुसऱ्या टूलमध्ये शेवटी दोन डॅश देऊन 'नो' आणि पुढे नको ती गोष्ट लिहितात. चॅटजीपीटी किंवा जेमिनीत असा बॉक्स नाही, तिथे हात कमरेवर टेकवून टाकायचे, बासरीला जागाच उरत नाही.

मराठीत लिहायचं की इंग्रजीत? चॅटजीपीटी, जेमिनीला मराठी चांगलं कळतं, बिनधास्त मराठीत बोला. स्टेबल डिफ्यूजनच्या जुन्या व्हर्जनला मात्र इंग्रजीच द्या, त्याला एका वेळी ७५ टोकनच, म्हणजे शब्दांचे तुकडेच, झेपतात आणि देवनागरी अक्षरांचे इतके तुकडे होतात की मुकुटापर्यंत पोचायच्या आत कोटा संपतो. तिथे आधी चॅटजीपीटीकडून भाषांतर करून घ्या, पण ते वाचून बघा हां, नाहीतर वीट जाऊन नुसता चौथरा येतो.

आता दत्त. इथे भल्याभल्यांची वाट लागते कारण तीन शिरं आणि सहा हात, आणि मॉडेलला मोजता येत नाही. कधी पाच हात, कधी आठ, कधी तिसरं तोंड मानेच्या मागून उगवलेलं. नुसतं 'सहा हात' लिहिलं तर नशिबावर आहे. दत्ताच्या ध्यानश्लोकात मात्र हात जोड्यांनी सांगितलेत, खालच्या दोन हातात माळ आणि कमंडलू, मधल्या दोघात डमरू आणि त्रिशूळ, वरच्या दोघात शंख आणि चक्र. अगदी तसंच जोडी जोडीने लिहा, खालची जोडी, मधली जोडी, वरची जोडी, सोबत 'समोरून, दोन्ही बाजू सारख्या' हे टाका, तिरका अँगल मागूच नका. एवढं करूनही पहिल्याच फटक्यात नीट येईल असं नाही पण निदान दुरुस्त करण्यासारखं तरी येतं.

दुरुस्ती म्हणजे सगळं चित्र परत काढणं नव्हे. एक हात चुकला तर तेवढाच भाग सिलेक्ट करून 'इथे कोपरात वाकलेला हात, हातात कमंडलू' एवढंच सांगायचं, याला इनपेंटिंग म्हणतात, आजकाल बहुतेक टूलमध्ये हे या ना त्या नावाने आहेच. चार कुत्री, गाय, मागचा औदुंबर हे सगळं पहिल्याच प्रॉम्प्टमध्ये कोंबू नका. आधी मूर्ती पक्की करा, मग गाय, मग कुत्री, आणि कुत्री 'गावठी, आखूड केसांची, सडपातळ' असं स्पष्ट लिहा नाहीतर दत्ताच्या पायाशी जर्मन शेफर्ड बसलेले दिसतील. सगळं एकदम मागितलं की लक्ष वाटलं जातं आणि हात परत बिघडतात.

गणपती सोपा वाटतो कारण मॉडेलने तो लाखो वेळा पाहिलाय, पण दोन ठिकाणी नजर ठेवा. एक म्हणजे सोंड. 'डावी सोंड' म्हणजे कोणाची डावी यात ते गडबडतं, म्हणून 'सोंड बघणाऱ्याच्या उजव्या हाताकडे वळलेली' असं लिहा, ती झाली आपली नेहमीची डावी सोंड. आणि बॅनर बनवताना डिझाइन बसत नाही म्हणून फोटो आडवा फ्लिप करणारे लोक असतात, त्यांना आवरा, फ्लिप केलं की डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो आणि मग मंडळात आजोबा मंडळी सोवळ्याचे नियम काढून बसतात. दुसरं म्हणजे मोदक. नुसतं मोदक लिहिलं की लाडू येतो नाहीतर चक्क मोमो येतो, तेव्हा 'तांदळाच्या उकडीचे पांढरे, खाली गोल, बारीक कळ्या पाडून वर टोक काढलेलं, केळीच्या पानावर' इतकं सविस्तर लिहा.

माणसांचंही तेच. वारी मागितली की राजस्थानी पगड्या येतात. वारकऱ्याचं पांढरं धोतर, पांढरी टोपी, गळ्यात टाळ, खांद्यावर भगवी पताका, बाईच्या डोक्यावर पितळी तुळशी वृंदावन, 'नऊवारी, काष्टा मागे खोचलेला', आणि ढगाळ आभाळाखाली ओला रस्ता, हे सगळं हाताने लिहावं लागतं.

स्टाइलबद्दल माझं मत जरा कडक आहे. '८के, अल्ट्रा रिअलिस्टिक, मास्टरपीस' ही शेपटी लावली की देव प्लास्टिकचा होतो, गाल चकाचक, डोळे सिनेमातल्या हिरोचे. त्यापेक्षा माध्यम सांगा. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यातल्या ओलिओग्राफ, म्हणजे तेलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, घरोघरी लागली, तो लूक हवा असेल तर 'जुना ओलिओग्राफ, तेलरंगासारखी छपाई, थोडा पिवळट कागद, मऊ सावल्या' असं लिहा, छान येतं. वारली बरं जमतं, गेरूवर पांढरं, त्रिकोणी अंगाची माणसं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी ही लोकचित्रं मात्र नुसत्या नावाने जमत नाहीत, तिथे 'चेहरा बाजूने, मोठा डोळा, जाड काळी बाह्यरेषा, मोजकेच सपाट रंग, मागची जागा कोरी' असं रूपच सांगावं लागतं.

फँटसीकडे वळू, आणि इथे आपल्याकडे माल भरपूर आहे, ड्रॅगन कशाला पाहिजे. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा ग्रामदेव वेतोबा घ्या, लोक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा. 'भूत' किंवा 'राक्षस' लिहिलं की हॅलोविन येतं, म्हणून ते शब्द टाळा, तो देव आहे. मी लिहीन: "कोकणातली रात्र, लाल मातीची पाणंद, दोन्हीकडे जांभ्या दगडाचा गडगा, माडांच्या झावळ्यांतून चांदणं, दूर पाठमोरी माडाएवढी उंच आकृती चालत जातेय, फ्रेमच्या पुढच्या भागात मातीत उमटलेला एक प्रचंड चपलेचा ठसा, त्यात साचलेल्या पाण्यात चंद्र." चेहरा दाखवलाच नाही, त्यामुळे जास्त जमतं आणि कोणाच्या भावनाही दुखत नाहीत.

तरंगता किल्ला हवा असेल तर फक्त 'किल्ला' लिहू नका, टोकदार मनोऱ्यांचा युरोपियन कॅसल येतो. 'काळ्या बेसॉल्टचे आडवे थर, कड्याच्या कडेने धावणारी तटबंदी, गोल बुरूज, पावसाळी हिरवं गवत, खाली ढग' हे झालं सह्याद्रीचं. ढगात गोल इंद्रधनुष्य टाका, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर असं इंद्रवज्र खरोखर दिसतं, त्यामुळे ते खोटंही वाटत नाही.

ओळखीच्या माणसाचा किंवा नटाचा चेहरा देवाला लावू नका, आणि बनवलेलं चित्र 'दुर्मिळ फोटो' म्हणून व्हॉट्सॲपवर सोडू नका, खाली एआय असं लिहून टाका. गूगलच्या टूलमधून काढलेल्या चित्रात तसाही सिंथआयडी नावाचा न दिसणारा शिक्का असतो.

राहिलं अक्षर आणि छपाई. 'गणपती बाप्पा मोरया' चित्रातच लिहून मागू नका, नव्या मॉडेलमध्ये सुधारणा आहे तरी जोडाक्षरं आणि वेलांट्या फसतात, वरती मोकळं आभाळ ठेवायला सांगा आणि मजकूर नंतर कॅनव्हासारख्या डिझाइनच्या टूलमध्ये टाका. १०२४ पिक्सेलचं चित्र ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापलं तर जेमतेम साडेतीन इंच होतं, म्हणजे पत्रिकेच्या कोपऱ्यापुरतं. मोठं हवं असेल तर आधी अपस्केल करा, म्हणजे टूलकडून पिक्सेल वाढवून घ्या, आणि केल्यावर बोटं नि दागिने झूम करून परत तपासा, अपस्केलर पण स्वतःचं काहीबाही घुसडतो. फ्लेक्स लांबून बघतात त्यामुळे तिथे कमी डीपीआय चालतं, पण तुमच्या फ्लेक्सवाल्याला फाइल पाठवण्याआधी साइज विचारून घ्या आणि त्याच मापात, उभं की आडवं ते ठरवून, चित्र पहिल्यापासून काढा.