तेरला माणसं न्यायची तर आठच

लातूरहून तेरला, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या त्या प्राचीन गावाला, एका दिवसाची सहल काढायची असेल तर आधी माणसं कमी करा. मी शाळेतून रिटायर झाल्यावर पहिल्यांदा नेली तेव्हा मिनीबस होती आणि सव्वीसजण. मागच्या दहाजणांना माझं बोलणं ऐकूच गेलं नाही. ते बाहेर सावलीला बसून उसाच्या बिलावर बोलत राहिले, आणि चूक त्यांची नव्हती. तेव्हापासून एक क्रुझर, आठ माणसं आणि मी. नववा आला की त्याला पुढच्या महिन्याची तारीख.

दिवाळी झाल्यावर माघापर्यंत जा. भाद्रपदात एकदा नेली होती. काळ्या रानात गाडी अशी रुतली की ट्रॅक्टर येईपर्यंत दोन तास गेले. चैत्र वद्यात गोरोबाकाकांची यात्रा असते, तेव्हा दर्शनाला जरूर जा, पण जुनं तेर बघायचं असेल तर ते दिवस टाळा. म्युझियम त्या दिवशी उघडं आहे का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा.

सकाळी सातला निघायचं. मुरूड, मग ढोकीला चहा, मग तेर.

पहिलं त्रिविक्रमाचं, म्हणजे विष्णूचं देऊळ. लोक चपला काढून थेट आत जायला बघतात. त्यांना थांबवा आणि आधी मागच्या बाजूला न्या. म्हणा, “या भिंतीचा कोपरा शोधा.” कोपरा सापडत नाही, भिंत गोल वळत जाते. अजिंठ्याच्या चैत्यात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या लेण्यात, स्तूपामागं जशी गोलाई आहे, तशीच ही, फक्त डोंगरात कोरलेली नाही, विटांनी बांधलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरातत्त्व खात्यातले हेन्री कझिन्स यांनी हे मूळचं बौद्ध चैत्यगृह असल्याचं ओळखलं. विटा आजच्या भट्टीच्या विटेपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत. एवढं डोळ्यांत बसलं की मग आत जाऊन एक पाय उचललेल्या त्रिविक्रमाला हात जोडा.

दुसरं, पांढरीचं टेकाड, म्हणजे जुनी वस्ती गाडली गेलेला मातीचा उंचवटा. इथं बघायला काही नाही असं वाटतं, आणि गाईडचं खरं काम इथंच. सगळ्यांना उकिडवं बसवा. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त पायाजवळची हातभर जागा बघायची. हळूहळू खापरं दिसायला लागतात: लाल, काळी, एखादं गुळगुळीत चमकणारं, एखाद्याच्या काठावर कुंभाराच्या बोटाची रेघ. उचलून बघितलं तरी जागेवर परत ठेवायचं, हे गाडीतच बजावून ठेवा. एकदा सातवीतल्या पोरानं खिसा भरला होता. मी गाडी परत फिरवली. शेताचा मालक दिसला तर आधी रामराम करून विचारा.

त्याच टेकाडावर तगराची गोष्ट सांगायची. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर असल्याचं लिहिलंय. तगर म्हणजेच तेर, हे जुन्या शिलालेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी 1901 साली मांडलं. इथून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांत भरून गुजरातेतल्या भडोचच्या बंदरावर जायची, पुढं जहाजातून रोमन मुलखात. आमच्या गटातल्या एका आजोबांनी मला मध्येच थांबवून विचारलं, “मॅडम, बैल वाटेत बदलायचे का तेच न्यायचे?” मला उत्तर आलं नाही. पण त्यानंतर सगळे बैलांचाच हिशोब करत बसले, आणि मला भाषण करावं लागलं नाही.

दुपारी गोरोबाकाकांच्या समाधीकडं, तेरणेच्या काठी. जेवण घरूनच न्या: धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. मडकं थापटून बघावं तशी संतांची डोकी थापटून गोरोबांनी नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ती कथा इथं कुणीतरी सांगतंच. सकाळी खापरं बघितलेली असतात, म्हणून ती जास्त रंगते.

म्युझियम शेवटी, आणि दोन तास राखून. बरेचजण आधी म्युझियम करतात. मला ते पटत नाही. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू एकेक करून जमवल्या, त्याचंच हे म्युझियम झालं. टेकाडावरून आलेला माणूस इथल्या मण्यांपुढं, मातीच्या बाहुल्यांपुढं थांबतो. उत्तरेश्वराच्या देवळाची जुनी कोरीव लाकडी चौकटही इथंच ठेवलीय. आमच्याकडं दहा वर्षांत दाराला वाळवी लागते, तेव्हा बायका तिच्यापुढं बराच वेळ उभ्या राहतात.

याच म्युझियममधल्या हस्तिदंती बाहुलीसाठी एक तयारी करा. इटलीत पॉम्पेईला 1938 साली राखेखालून अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली. ते शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीनं गाडलं गेलं होतं. तिचा फोटो छापून न्या, मोबाइलवर नको. कागद हातोहात फिरतो, लोक केसांची ठेवण, दागिने ताडून बघतात आणि आपल्याला काही बोलावं लागत नाही.

पाचला निघालं की दिवेलागणीला लातूर. डिझेल आणि ड्रायव्हरचे पैसे आठांत वाटायचे. माझा वाटा मी देत नाही. धपाटे माझ्या घरचे असतात.