व्हर्च्युअल डेस्कटॉप वापरताय? मग या चुका टाळा

व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटून पालटून उघडता येणारे अनेक डेस्कटॉप, प्रत्येकावर वेगळ्या विंडो. विंडोजमध्ये ही सोय 2015 साली विंडोज 10 बरोबर आली. मॅकवर 2007 पासून आहे आणि लिनक्सवाले त्याच्याही आधीपासून वापरतात. तरी मला येणारे फोन अजून तेच आहेत: "अहो, सगळ्या विंडो गेल्या!"

गेलेल्या नसतात. तुम्ही दुसऱ्या डेस्कटॉपवर आलेले असता.

ऐन दिवाळी अंकाच्या धामधुमीत एका छापखान्यात झालेला प्रकार सांगतो. ऑपरेटर पेजमेकरमध्ये कवितांची पानं लावत होता. मधेच डेस्कटॉपवरची एक फाईल हवी म्हणून विंडोज आणि डी दाबायला गेला आणि कंट्रोलवरही बोट पडलं. झालं, नवा कोरा डेस्कटॉप उघडला. पानं नाहीत, टास्कबारही रिकामा. मशीन अडकलं असं समजून तो घाबरला. शेजारच्या शहाण्याने सल्ला दिला, "पॉवरचं बटण दाबून धर." त्याने धरलं. संपादकांनी दुपारभर शेजारी बसून करून घेतलेल्या दुरुस्त्या सेव्ह केलेल्याच नव्हत्या, त्या सगळ्या गेल्या. बटण दाबेपर्यंत पानं शेजारच्या डेस्कटॉपवर जशीच्या तशी उघडी होती. कंट्रोल, विंडोज आणि डावा बाण दाबला असता तर समोर आली असती. संपादक दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, या वेळी स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊन.

म्हणून काहीही गायब झालं की आधी विंडोज आणि टॅब दाबा. सगळे डेस्कटॉप समोर दिसतात. रील बघून वीस शॉर्टकट पाठ करणाऱ्यांना हा एक मात्र माहीत नसतो! मी कुणाचंही मशीन हातात घेतलं की सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मल्टिटास्किंग, डेस्कटॉप्स इथे जाऊन टास्कबारवर सगळ्या डेस्कटॉपच्या विंडो दिसतील असं करून देतो. मुळात फक्त चालू डेस्कटॉपच्याच दिसतात, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. जाणकार म्हणतात, अशाने गर्दी होते. होऊ दे.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे प्रोग्रामप्रमाणे वाटणी. एक डेस्कटॉप ब्राउझरला, एक एक्सेलला, एक व्हॉट्सअ‍ॅपला. दिसायला नीटनेटकं, पण जीएसटीचं रिटर्न भरताना पोर्टल एकीकडे, शीट दुसरीकडे आणि पार्टीने पाठवलेलं बिल तिसरीकडे. एकेका आकड्यासाठी उड्या मारायच्या! वाटणी कामाप्रमाणे करा. रिटर्नचं पोर्टल, शीट, बिलांचा फोल्डर सगळं एकाच जागी. ब्राउझरच्या दोन वेगळ्या विंडो दोन डेस्कटॉपवर खुशाल ठेवता येतात. व्हॉट्सअ‍ॅप किंवा कॅलक्युलेटर सगळीकडे हवा असेल तर विंडोज-टॅबमध्ये त्या विंडोवर राइट क्लिक करून 'शो धिस विंडो ऑन ऑल डेस्कटॉप्स' निवडा.

माझे डेस्कटॉप तीनच असतात: डावीकडे मेल, मधे हातातलं काम, उजवीकडे किरकोळ. हा क्रम मी बदलत नाही. विंडोज 11 मध्ये नावं देता येतात आणि प्रत्येकाला वेगळा वॉलपेपरही लावता येतो. वॉलपेपर मी आवर्जून लावतो, कारण नाव वाचण्याआधी रंग ओळखू येतो. पहिल्याच दिवशी आठ डेस्कटॉप काढणाऱ्यांना पुढच्या आठवड्यात पाचव्यावर काय आहे ते सांगता येत नाही.

बाकीच्या थोडक्यात.

डेस्कटॉप बंद केला म्हणजे त्यावरच्या विंडो बंद होत नाहीत, त्या शेजारच्या डेस्कटॉपवर येऊन बसतात. आवराआवर करायची तर आधी विंडो बंद करा.

मशीन हलकं होईल म्हणून डेस्कटॉप वाढवू नका. पलीकडच्या खोलीचं दार लावलं म्हणून तिथल्या पंख्याचं बिल थांबत नाही.

डेस्कटॉपवरचे आयकॉन सगळीकडे तेच असतात. एकीकडून डिलीट केलेली फाईल सगळीकडून जाते.

रीस्टार्टनंतर डेस्कटॉप नावांसकट राहतात, पण विंडो परत मांडाव्या लागतात. सेव्ह न करता बंद करणाऱ्यांनी काम परत मिळेल अशी आशा ठेवू नये.

मीटिंगमध्ये अख्खी स्क्रीन शेअर करून दुसऱ्या डेस्कटॉपवर गेलात, तर समोरच्यांनाही तोच दिसतो. पगाराची शीट तिथे 'लपवलेली' असेल तर बघा बुवा. फक्त एक विंडो शेअर करा.

मॅकवाल्यांचे डेस्कटॉप आपोआप जागा बदलतात. सेटिंग्जमध्ये मिशन कंट्रोलखाली असलेली 'ऑटोमॅटिकली रीअरेंज स्पेसेस' (स्पेसेस म्हणजे मॅकवरचे हेच डेस्कटॉप) ही खूण आधी काढून टाका.