कॅरियर, रुंद टायर लावलेत? अ‍ॅव्हरेज टाकीवरून मोजा

छतावर कॅरियर किंवा रुंद टायर लावले की पेट्रोल जास्त लागतं असं वाटतं, पण नक्की किती ते कळत नाही. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका.

१. टाकी भरा. पंप पहिल्यांदा कट झाला की थांबा, राउंड फिगरसाठी वर घालून घेऊ नका. ट्रिप मीटर शून्य करा.
२. नेहमीच्या रस्त्यावर निदान ३०० किमी चालवा. कशेडी किंवा आंबा घाट त्यात असेल तर पुढच्या वेळीही तोच घाट हवा, नाहीतर तुलना फुकट.
३. त्याच पंपावर पुन्हा कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर.
४. कॅरियर काढून हेच पुन्हा करा.

गणपतीचं सामान पोचलं की कॅरियर उतरवाच. रिकामा असला तरी तो वारा अडवतो, हायवेला वेग वाढला की जास्तच. आपल्या खाऱ्या हवेत नट गंजून बसतात, त्यामुळे बसवतानाच ग्रीस लावा.

सांभाळा: नव्या टायरचा बाहेरचा घेर मूळ टायरपेक्षा मोठा असेल तर मीटर किलोमीटर कमी दाखवतो आणि वेगही. तेव्हा अंतर फोनच्या जीपीएसवर मोजा.