कॉइल-प्रक्षेपकाचे सेन्सर सर्किट: या चुका टाळा

ॲक्रिलिकची नळी, तिच्यावर तांब्याच्या तारेची कॉइल आणि आत १० मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी, असे विद्युतचुंबकीय प्रक्षेपकाचे छोटे प्रारूप डिप्लोमाच्या आणि अभियांत्रिकीच्या मुलांचा आवडता प्रकल्प आहे. न चालणारी अशी बरीच प्रारूपे माझ्या टेबलावर येतात. मूळ दोष कॉइलमध्ये क्वचितच सापडतो. तो सेन्सर आणि मॉस्फेट (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) यांच्या मधल्या वीतभर सर्किटात असतो. गोळी सेन्सरसमोर आली की कॉइल चालू व्हावी आणि तिच्या चुंबकत्वाने गोळी पुढे ओढली जावी, एवढा विचार सगळ्यांनी केलेला असतो. ती बंद केव्हा आणि कशी व्हावी, हा प्रश्न मात्र पहिला धूर निघेपर्यंत कोणाला पडत नाही.

पुढचे सगळे आकडे माझ्या टेबलावरच्या एका नमुन्याचे आहेत. यूपीएसमध्ये वापरतात त्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्ट घेतले आहेत. कॉइलचा रोध सुमारे ०.८ ओहम आणि प्रेरकत्व सुमारे ४०० मायक्रोहेन्री आहे, म्हणजे प्रवाह ३० अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. गोळीचा वेग सेकंदाला पाचेक मीटर असतो आणि ती चिंध्या भरलेल्या खोक्यात जाऊन पडते. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधला ३०० व्होल्टचा कपॅसिटर काढून ‘जरा जोर वाढवू’ म्हणणाऱ्यांना मी मदत करत नाही. तो कपॅसिटर जिवावर बेतू शकतो, आणि ज्याचे २४ व्होल्टवरचे सर्किट नीट बंद होत नाही, त्याला ३०० व्होल्टवर शिकण्यासारखे काही नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सेन्सरचे आउटपुट थेट मॉस्फेटच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पिनला, जोडणे. सेन्सर म्हणजे नळीच्या एका बाजूला अवरक्त एलईडी आणि समोर त्याचा किरण टिपणारा फोटोट्रान्झिस्टर. गोळी किरण अडवते तोवर कॉइल चालू आणि गोळी पुढे गेली की बंद, ही कल्पना कागदावर देखणी दिसते. सेकंदाला पाच मीटर वेगाची गोळी किरण २ मिलिसेकंदच अडवते, हेही खरे. पण गोळी नळीत अडकली, सेन्सरची तार सुटली किंवा एलईडी गेला, की सर्किटाला ‘गोळी समोर आहे’ असेच दिसत राहते आणि कॉइलमध्ये ३० अँपिअर वाहत राहतात. २४ व्होल्ट आणि ३० अँपिअर म्हणजे ७२० वॉट. कॉइलमध्ये ६० ग्रॅम तांबे असेल, तर तिचे तापमान सेकंदाला सुमारे ३० अंशांनी चढते. तारेवरचे इनॅमल जळायला किती सेकंद लागतील, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

तीन वर्षांपूर्वी एक विद्यार्थी माझ्याकडे आला तो ‘सर, मी ५५५ लावला आहे, त्यामुळे ती भीती नाही’ असे सांगतच. ५५५ या टायमर आयसीचा त्याने मोनोस्टेबल बांधला होता, म्हणजे एका ट्रिगरला ठरावीक लांबीचा एकच स्पंद देणारी जोडणी. २७ किलो-ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे १.१ गुणिले आर गुणिले सी या सूत्राने सुमारे ३ मिलिसेकंदांचा स्पंद मिळतो. हिशोब चोख होता आणि पहिल्या वीस फेऱ्या उत्तम झाल्या. एकविसाव्या फेरीला गोळीवरच्या गंजामुळे ती बरोबर सेन्सरच्या फटीत थांबली. मी चहाचा कप खाली ठेवून बॅटरीची क्लिप ओढेपर्यंत वार्निश करपल्याचा वास खोलीभर झाला होता आणि नळी कॉइलखाली मऊ पडून वाकली होती. दोष ५५५चा नव्हता. ट्रिगर पिन खाली असेपर्यंत ५५५चे आउटपुट वरच राहते, ठरवलेली वेळ उलटून गेली तरी, ही गोष्ट त्याच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, स्वच्छ लिहिलेली आहे. पण डेटाशीटमधली आकृती उतरवून घ्यायची आणि तिच्याखालचा परिच्छेद सोडून द्यायचा, ही आता रीतच झाली आहे.

माझी सवय अशी आहे की सेन्सर आणि ट्रिगर पिन यांच्या मध्ये १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर घालायचा, पिनला १० किलो-ओहमचा पुलअप, म्हणजे तिला एरवी पुरवठ्याच्या पातळीवर ठेवणारा रोधक, द्यायचा आणि त्या पिनवरून पुरवठ्याकडे एक छोटा सिग्नल डायोड लावायचा. मग ५५५ला फक्त सिग्नलची कडा दिसते. गोळी समोर ठाण मांडून बसली तरी स्पंद ३ मिलिसेकंदांतच संपतो. शिवाय बॅटरीच्या तारेत फ्यूज हवाच, कारण मॉस्फेट बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच बिघडतो आणि मग गेटवरचा कोणताही शहाणपणा उपयोगी पडत नाही.

या छंदाच्या पूर्वजांनाही शॉर्टने सोडले नव्हते. नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्केलंड यांनी १९०३ मध्ये आजच्या ओस्लोत आपल्या विद्युतचुंबकीय तोफेचे जाहीर प्रात्यक्षिक मांडले आणि ते शॉर्टसर्किट होऊन भर सभागृहात प्रचंड ठिणगी उडाली. त्या विद्युत-चापाचा उपयोग हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्यासाठी करून घेण्याइतकी त्यांची बुद्धी मोठी होती. आपल्या हाती अशा वेळी फक्त जळकी कॉइल उरते.

दुसरी चूक उलट प्रवाहाच्या डायोडची. कॉइलला समांतर १एन४००७ लावला की काम झाले, असे समजले जाते. डायोड हवाच, नाहीतर मॉस्फेट पहिल्याच फेरीत जातो. पण गेट बंद झाल्याबरोबर कॉइलमधला प्रवाह थांबत नाही. तो डायोडमधून फिरत राहतो आणि प्रेरकत्व भागिले रोध, म्हणजे इथे ०.५ मिलिसेकंद, या कालांकाने ओसरतो. पाच टक्क्यांवर यायला दीड मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात गोळी साडेसात मिलिमीटर पुढे, म्हणजे कॉइलच्या मध्याच्या पलीकडे गेलेली असते आणि उरलेले चुंबकत्व तिला मागे ओढते. मग मुले व्होल्टेज वाढवतात. वाढलेल्या प्रवाहाबरोबर मागची ओढही वाढते, आणि ‘कॉइलचे वेढे चुकले असतील’ म्हणून बिचारी कॉइल पुन्हा गुंडाळली जाते. एका गटाने ती चार वेळा गुंडाळली होती.

मी डायोडबरोबर एकसरीत १ ओहमचा, वायरवाउंड जातीचा रोधक टाकतो आणि डायोडही जास्त प्रवाहाचा, चपळ जातीचा घेतो. एकूण रोध १.८ ओहम झाला की कालांक ०.२२ मिलिसेकंदावर येतो आणि गोळी सव्वातीन मिलिमीटर जाण्याआधीच प्रवाह ओसरतो. मात्र बंद होण्याच्या क्षणी त्या रोधकावर ३० व्होल्ट पडतात, म्हणजे पुरवठा धरून मॉस्फेटवर जवळपास ५५ व्होल्ट येतात. आयआरएलझेड ४४ एन या मॉस्फेटची मर्यादा नेमकी ५५ व्होल्टच आहे, त्यामुळे इथे तो वापरू नये. आयआरएफ ५४० एनची मर्यादा १०० व्होल्ट आहे, पण त्याला गेटवर १० व्होल्ट लागतात. आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्टांवर तो अर्धवट उघडतो आणि तापून मरतो. त्यामुळे मध्ये टीसी ४४२० सारखी गेट-ड्रायव्हर आयसी घालून त्याला १२ व्होल्ट द्यावेत. ‘एक आयसी वाचवली’ म्हणणाऱ्यांनी तोवर किती मॉस्फेट जाळले, हे मी विचारतो आणि ते विषय बदलतात.

आता सेन्सर. रात्री खोलीत अचूक चालणारे प्रारूप प्रदर्शनात सकाळी अकरा वाजता आंधळे होते, कारण खिडकीतून ऊन थेट फोटोट्रान्झिस्टरवर पडते आणि उन्हात अवरक्त किरण भरपूर असतात. एलईडी अडला काय आणि न अडला काय, सेन्सरला उजेड दिसतच राहतो. मी उघडा एलईडी-फोटोट्रान्झिस्टर जोड न वापरता नळीला आडवे दोन मिलिमीटरचे भोक पाडतो, सेन्सर काळ्या नळकांडीत खोल बसवतो आणि वरून काळी टेप गुंडाळतो. संवेदनशीलता वाढावी म्हणून फोटोट्रान्झिस्टरला १०० किलो-ओहमचा लोड रोधक देऊ नये. तो सिग्नल इतका आळशी होतो की गोळी निघून गेल्यावर खबर येते. ४.७ किलो-ओहम पुरतो. पुढे एलएम ३९३ हा कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारी आयसी) वापरताना त्याला पुलअप आणि थोडा हिस्टेरिसिस, म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत थोडे अंतर, द्यावा, म्हणजे एकाच गोळीचे तीन स्पंद होत नाहीत. रिमोटचा सिग्नल टिपणारा टीएसओपी १७३८ सेन्सर इथे चालत नाही. त्याला ३८ किलोहर्ट्झचे तुटक किरण लागतात आणि सतत येणाऱ्या किरणाकडे तो दुर्लक्ष करतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. मॉस्फेटच्या जागी एससीआर (दुसऱ्या जातीचा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावला, तर तो गेटने चालू होतो, पण गेटने बंद होत नाही. आर्डुइनो चालू होताना त्याच्या पिना काही काळ अधांतरी असतात, म्हणून ड्रायव्हरच्या इनपुटला १० किलो-ओहमचा पुलडाउन, म्हणजे त्याला एरवी ग्राउंडच्या पातळीवर ठेवणारा रोधक, द्यावा. प्रोग्रॅममध्ये ‘डिले’, म्हणजे प्रोग्रॅम नुसता थांबवून ठेवणारी आज्ञा, लिहून गोळीची वाट पाहू नये. ३० अँपिअरचा मार्ग ब्रेडबोर्डवरून नेऊ नये. सेन्सरची आणि कॉइलची ग्राउंड तार बॅटरीपर्यंत वेगवेगळी न्यावी, कारण सामायिक तारेत २० मिलिओहम असले तरी ३० अँपिअरला ०.६ व्होल्टचा झटका सेन्सरला बसतो आणि मग कॉइल स्वतःलाच ट्रिगर करते.

नवीन सर्किट माझ्याकडे आले की मी कॉइल काढून तिच्या जागी १२ व्होल्टचे दोन इंडिकेटर बल्ब एकसरीत जोडतो आणि गोळी हाताने सेन्सरसमोर धरून ठेवतो. तीन मिलिसेकंदांच्या स्पंदात फिलामेंट नीट लालही होत नाही. बल्ब लागून राहिला, तर कॉइल पुन्हा पिशवीत जाते.