स्पोकच्या चाकात हवा भरताना: नोझल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नसेल तर

पेट्रोल पंपावर हवेच्या मशीनपाशी स्पोकच्या चाकांची बुलेट किंवा हिमालयन मोटारसायकल उभी राहिली की हवा भरणारा पोरगा आधी नोझल सरळ घुसवून बघतो, मग तिरके करून बघतो आणि शेवटी व्हॉल्व्हच बाजूला ओढतो. नोझल बसते, हवाही भरली जाते. पण ट्यूबचे आयुष्य कमी होते ते या ओढाताणीत. व्हॉल्व्हचा पितळी दांडा ट्यूबच्या रबरात बसवलेला असतो आणि रिमच्या भोकातून बाहेर येतो. तो दरवेळी वाकवला की मुळाशी रबराला चिरा पडतात. तिथे फाटलेल्या ट्यूबला पंक्चरवाला पॅच लावू शकत नाही, ट्यूबच बदलावी लागते. म्हणून व्हॉल्व्ह वाकवायचा नाही, हा या कामातला पहिला नियम. बाकी सगळे तो पाळण्यासाठीच आहे.

अलॉयच्या चाकाला मोजक्याच जाड दांड्या असतात, त्यामुळे मध्ये हात घालायला जागा मिळते. स्पोकच्या चाकात व्हॉल्व्ह रिमच्या बरोबर मध्यातून निघतो आणि त्याचे तोंड थेट हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याकडे असते. दोन्ही बाजूंना स्पोकची जाळी, पुढच्या चाकाला एकीकडे डिस्क, मागे एकीकडे चेनचे दातेरी चाक (स्प्रॉकेट) आणि दुसरीकडे ड्रम किंवा डिस्क. आणि पंपावरचे नोझल असते वीतभर लांब, कारच्या चाकाला बाहेरून सरळ लावायला सोयीचे.

जवळ काय ठेवायचे

व्हॉल्व्हचे तोंड चाकाबाहेर वळवणारा, नव्वद अंशांतला, एल आकाराचा छोटा व्हॉल्व्ह अडॅप्टर. टायरच्या आणि ॲक्सेसरीजच्या दुकानांत मिळतो, ऑनलाइनही मिळतो. घेताना तीन गोष्टी बघा. व्हॉल्व्हवर बसणाऱ्या टोकाच्या आत रबरी वॉशर हवा, व्हॉल्व्हच्या आतली, हवा अडवणारी पिन दाबणारा खिळा मधोमध हवा आणि एकूण लांबी शक्य तितकी कमी हवी. लवचीक नळीचा प्रकारही मिळतो. हब फारच मोठा असेल तर तो बरा पडतो, एरवी मी अखंड पितळी एलच घेईन. त्यात गळायला जागाच कमी.

दुसरी वस्तू म्हणजे हवेचा दाब मोजायचे स्वतःचे गेज, शक्यतो वाकड्या मानेचे. पंपावरच्या मशीनचा आकडा बरोबर असेलही, पण त्याला ताडून बघायला आपल्याकडे काहीतरी हवे.

किती भरायची

चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) हवेच्या दाबाचा स्टिकर असतो. तो निघून गेला असेल तर गाडीच्या पुस्तकात बघा. जुन्या ४११ सीसी हिमालयनला पुढे २५ आणि मागे एकट्याला २८, मागे कोणी बसणार असेल तर ३२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक). टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, ती भरायची नसते.

हे आकडे थंड टायरचे आहेत. टायर तापला की दाब वाढलेला दिसतो. साधारण सहा-सात अंश तापमान वाढले की एक पीएसआय, असा ढोबळ हिशेब. पंप लांब असेल तर घरीच सकाळी गेज लावा. समजा २४ आहे आणि हवी २८, म्हणजे चार कमी. पंपावर पोहोचेपर्यंत तोच टायर २७ दाखवेल, मग ३१ करा. तापलेल्या टायरची जास्तीची हवा सोडून देणे ही फार नेहमीची चूक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर बसलेला मिळतो.

चाक फिरवा, हात नाही

निम्मे काम इथेच होते आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. गाडी न्यूट्रलमध्ये घाला, मेन स्टँड असेल तर त्यावर चढवा आणि मागचे चाक फिरवून व्हॉल्व्ह मोकळ्या जागेत आणा. डाव्या बाजूने बघताना घड्याळातल्या चार-पाचच्या जागी, म्हणजे एक्सलच्या मागे आणि थोडा खाली. पुढच्या बाजूला स्विंगआर्म आडवा येतो, वर डावीकडे साडी गार्ड आणि उजवीकडे सायलेन्सर. तापलेल्या सायलेन्सरजवळ मनगट न्यायची हौस कुणाला नसते, म्हणून डावी बाजूच धरा.

पुढच्या चाकाला डिस्क नसलेल्या बाजूने बसा आणि व्हॉल्व्ह फोर्कच्या पुढे, खालच्या अंगाला आणा. मेन स्टँड नसेल तर गाडी हाताने फूटभर पुढे-मागे ढकलून व्हॉल्व्ह हव्या त्या जागी आला की साइड स्टँड लावा. हवेच्या रांगेत मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू द्या.

अडॅप्टर लावणे आणि काढणे

टोपण काढून खिशात टाका, जमिनीवर ठेवलेले टोपण हमखास हरवते. व्हॉल्व्हच्या तोंडाशी चिखल असेल तर पुसून घ्या, नाहीतर तो दाबाने थेट पिनवर जाऊन बसतो.

डाव्या हाताच्या दोन बोटांनी व्हॉल्व्हचा दांडा मुळाशी धरा. उजव्या हाताने अडॅप्टर ठेवून आधी थोडा उलटा फिरवा. आटे जुळले की हलकी टिक जाणवते, मग सुलटा आवळा. पक्कड लावायची नाही, बोटांचा जोर पुरतो. मध्ये क्षणभर सूंऽऽ आवाज येईल आणि थांबेल. थांबला नाही तर वॉशर नीट बसलेला नाही. अडॅप्टरचे दुसरे तोंड आता आपल्याकडे, चाकाच्या बाहेर यायला हवे.

नोझल लावताना अडॅप्टर हातात धरूनच ठेवा. नोझल आणि पाइपचे वजन आपल्या हातावर आले पाहिजे, व्हॉल्व्हवर नाही. डिजिटल मशीन असेल तर आकडा लावून बीप होईपर्यंत थांबा. साधा कॉम्प्रेसर असेल तर थोडी-थोडी सोडा, कारच्या मानाने ही ट्यूब लहान असते आणि चटकन भरते.

अडॅप्टर काढताना थोडी हवा जातेच. न थांबता भराभर उलटा फिरवा, मग गेज लावून बघा. आपल्या अडॅप्टरला एक पीएसआय जाते की दोन हे एकदा कळले की पुढच्या वेळी तेवढी जास्त भरायची. शेवटी व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा. बुडबुडा आला तर पिन थोडी आवळा, नाही आला तर टोपण घट्ट बसवा.

अडॅप्टर कायमचा लावून ठेवायचा मोह टाळा. चाक फिरताना त्याचे वजन व्हॉल्व्हला सतत बाहेर ओढते, आणि त्यावर उडालेला एखादा दगड पुरेसा असतो. ट्यूबच्या टायरची हवा हळूहळू जाईलच असे नाही, एकदम बसला तर गाडी सांभाळणे अवघड.

व्हॉल्व्हकडे एक नजर

हवा भरताना चाकासमोर बसलेलेच असता, तर व्हॉल्व्ह रिममधून सरळ उभा आहे का ते बघा. एका बाजूला कलला असेल तर टायर रिमवर सरकला आहे आणि सोबत ट्यूबही. कमी हवेवर खडबडीत रस्त्याला गाडी चालवली की हे होते. पंक्चरवाल्याकडे जाऊन टायर सोडवून ट्यूब नीट बसवून घ्या. दांड्यावर नट असेल तर तो रिमला करकचून आवळू नका. तो वर टोपणाकडे सरकवून ठेवला तर सरकलेली ट्यूब आधी कललेल्या व्हॉल्व्हमधून दिसते. घट्ट आवळलेल्या नटात ती आधी फाटते.

रस्त्यात

साध्या सायकलचा पंप मोटारसायकलला चालत नाही, आपल्याकडच्या बहुतेक सायकलींचा व्हॉल्व्ह वेगळा असतो. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या इन्फ्लेटरची नळी लवचीक आणि आट्यांची असते, त्यामुळे पुष्कळदा ती अडॅप्टरशिवायच स्पोकमधून आत जाते. ती आवळताना नळीला पीळ पडतो, म्हणून आधी उलट दिशेला दोन-तीन पीळ देऊन मग लावा.

आणि कधी रिम बदलून चाक नव्याने विणून घ्याल तेव्हा मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा: व्हॉल्व्हचे भोक दोन जवळपास समांतर स्पोकच्या मध्ये यायला हवे, एकमेकांकडे झुकणाऱ्या स्पोकच्या खाली नको.