ईसीसी बंद न करता त्याची वीज कशी वाचवायची

पावसाळी नाल्यांमधल्या पाण्याची पातळी मोजणारी, बॅटरीवर चालणारी यंत्रं आम्ही बनवतो. कांजूरमार्गच्या एका छोट्या ऑफिसात मी त्यांचं डिजिटल डिझाइन बघते. नवीन आलेली मुलं वीजखर्चाचा रिपोर्ट उघडतात आणि पहिली सूचना ठरलेली असते: "ताई, मेमरीचं ईसीसी काढून टाकूया का?"

नाही. ईसीसी म्हणजे डेटासोबत काही जास्तीचे चेक बिट ठेवून उलटलेला बिट ओळखणारी आणि दुरुस्त करणारी सोय. आमची पातळी मिलिमीटरमध्ये साठवली जाते. त्या आकड्यातला १०२४ किमतीचा बिट उलटला, तर दादरच्या हिंदमाताला नसलेलं मीटरभर पाणी स्क्रीनवर दिसतं. किंवा असलेलं मीटरभर पाणी दिसत नाही, आणि ते जास्त भयंकर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडलेला ज्या शहरानं पाहिला, तिथे हा आकडा चुकून चालणार नाही. दुसरीकडे, भर पावसात बॅटरी संपली तर कुणाला तरी तुंबलेल्या पाण्यात झाकण उचलायला पाठवावं लागतं. तेही मला नकोय. म्हणून तपासणी प्रत्येक वेळी, दुरुस्ती फक्त लागेल तेव्हा, आणि एरवी दुरुस्तीचं सर्किट अजिबात हलू द्यायचं नाही.

आधी खर्च मोजा. गेट-लेव्हल सिम्युलेशन चालवून व्हीसीडी फाईल (कुठला सिग्नल कधी बदलला याची नोंद) काढा आणि पॉवर टूलला ती द्या. मात्र सिम्युलेशनला रँडम डेटा देऊ नका. खऱ्या नोंदींमध्ये वेळेचे खालचे काही बिट बदलतात, पातळी थोडी हलते, बाकी सगळं जवळपास तसंच राहतं. रँडम डेटावर ईसीसीचे एक्सॉर गेट (दोन इनपुट वेगळे असतील तरच १ देणारे) अकारण नाचतात आणि रिपोर्ट तुम्हाला भलत्याच ठिकाणी घेऊन जातो.

आता मुख्य काम. ६४ बिट डेटाला ८ चेक बिट, असा आमचा ७२ बिटांचा शब्द आहे. वाचताना ८ बिटांचा सिंड्रोम, म्हणजे चूक आहे का आणि कुठे हे सांगणारा आकडा, निघतो. तो शून्य असला की शब्द ठीक. पुस्तकी डिकोडरमध्ये हा सिंड्रोम थेट ६४ तुलनांना जोडलेला असतो: कुठला बिट चुकला हे त्या ठरवतात, आणि पुढचे ६४ एक्सॉर तो बिट उलटवतात. अडचण अशी की सिंड्रोम एका दमात शून्यावर येत नाही. एक्सॉरच्या झाडाच्या फांद्यांना लागणारा वेळ सारखा नसतो, त्यामुळे स्थिर होईपर्यंत तो वर-खाली होत राहतो, आणि ती प्रत्येक ग्लिच ६४ तुलनांमधून पुढे पसरते. शब्द निर्दोष असतानाही वीज वाया जाते ती इथे.

म्हणून सिंड्रोम आणि त्या तुलना यांच्यामध्ये एक रजिस्टर (किंमत धरून ठेवणारं सर्किट) टाका. सिंड्रोम स्थिर झाला आणि शून्य नसला, तरच रजिस्टरला एनेबल, म्हणजे नवी किंमत आत घ्यायची परवानगी, द्या. डेटासाठीही तसंच रजिस्टर ठेवा. निर्दोष शब्द सरळ पुढे जाऊ द्या. चूक सापडली तर वाचणाऱ्याला क्लॉकची एक सायकल थांबवा आणि दुरुस्त शब्द द्या. ती सायकल क्वचित लागते. फक्त बस प्रोटोकॉलमध्ये थांबवायची सोय आहे ना, हे आधी बघून घ्या.

कोड निवडायचं स्वातंत्र्य असेल तर १९७० चा शियाओ कोड घ्या. साध्या हॅमिंग कोडला दुहेरी चूक ओळखण्यासाठी एक एकूण पॅरिटी (सगळ्या बिटांत १ ची संख्या सम की विषम हे सांगणारा बिट) जोडावी लागते, म्हणजे ७२ इनपुटचं एक भलंमोठं झाड. शियाओमध्ये चेक बिट ठरवणाऱ्या कोष्टकाच्या प्रत्येक स्तंभात विषम संख्येने १ असतात, त्यामुळे ती वेगळी पॅरिटी लागत नाही, आणि स्तंभ असे निवडलेले असतात की आठही ओळी सारख्या भरतात: प्रत्येकीला २७ इनपुट. झाडं लहान, वेळ सारखे, ग्लिच कमी. सिंड्रोममध्ये १ ची संख्या विषम असेल तर एकेरी चूक. सम असेल, पण शून्य नसेल, तर दुहेरी. तुमच्या एफपीजीएच्या (आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशा चिपच्या) ब्लॉक रॅममध्येच, म्हणजे आतल्या मेमरीतच, तयार ईसीसी असेल (झायलिंक्सच्या ७ सीरीजमध्ये ६४ अधिक ८ असं आहे), तर आधी तेच वापरा.

लिहिण्याकडे सहसा कुणी बघत नाही. ६४ बिटांपैकी एकच बाइट बदलायचा असला तरी सगळा शब्द वाचावा, तपासावा, चेक बिट पुन्हा काढावेत आणि परत लिहावा लागतो. आमच्या नोंदीत वेळ ४ बाइट, पातळी २, बॅटरी १, स्थिती १, म्हणजे बरोबर ८ बाइट. फर्मवेअरनं एकेक फील्ड लिहिलं तर चार वाचनं आणि चार लेखनं. पूर्ण नोंद जुळवून लिहिली तर एकच लेखन, वाचन शून्य. प्रोसेसर ३२ बिटांचा असेल तर मेमरीच्या तोंडाशी ६४ बिटांचा राइट बफर ठेवा. झोपेत जाण्यापूर्वी तो रिकामा करायला मात्र चुकू नका, नाहीतर शेवटची नोंद अर्धवट राहील.

स्क्रबिंग, म्हणजे मेमरी अधूनमधून वाचून चुका पुसणं, यासाठी यंत्राला मुद्दाम जागं करू नका. मोजणीसाठी ते उठतंच. तेव्हा थोडे शब्द तपासून घ्या. आणि सिंड्रोम शून्य नसेल तरच परत लिहा.

स्वतःची चिप असेल तर व्होल्टेजचा मोह होतो. १.२ वरून ०.९ व्होल्टवर आलं की स्विचिंगची वीज व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के कमी. ईसीसी आहेच, दुबळ्या सेल ते सांभाळेल, असा हिशेब करणं मला पटत नाही. ज्या शब्दात एक बिट कायमचा दुबळा, तिथे एखादा अल्फा कण दुसरा बिट उलटवून गेला की दुरुस्ती संपली.

हे सगळं झाल्यावर मुद्दाम चुका घाला. ७२ पैकी प्रत्येक बिट एकेकदा उलटवा: प्रत्येक वेळी डेटा दुरुस्त मिळाला पाहिजे. मग दोन-दोन बिटांच्या सगळ्या २५५६ जोड्या: प्रत्येक वेळी दुहेरी चुकीचा झेंडा वर यायला हवा. चुकलेल्या शब्दामागोमाग लगेच निर्दोष शब्द, आणि त्याच्या उलट, असे क्रमही चालवा, कारण एनेबल एक सायकल मागे-पुढे झाला तर तो इथेच पकडला जातो. यातली एकही तपासणी नापास असेल तर वाचलेले मिलिवॉट सोडून द्या आणि जुनंच डिझाइन यंत्रात घाला.