रुग्णनोंदींवरून रोगाचा माग काढताना या चुका टाळा

रुग्णालयातील केसपेपर संशोधनासाठी लिहिलेला नसतो. तो उपचारासाठी, बिलासाठी किंवा वरिष्ठांना अहवाल पाठवण्यासाठी लिहिलेला असतो, आणि साथरोगशास्त्रज्ञाला मात्र त्याच कागदातून रोग कोणाला, कुठे आणि का होतो याचे उत्तर शोधायचे असते. (या शास्त्राचे मराठी नाव जरा फसवे आहे, मधुमेह आणि कर्करोगही त्याच्याच कक्षेत येतात.) जनऔषधवैद्यकशास्त्रातील (कम्युनिटी मेडिसिन) एमडी, सार्वजनिक आरोग्यातील एमपीएच किंवा संख्याशास्त्राची पदवी घेऊन या व्यवसायात येणारे नवे लोक सुरुवातीला ज्या चुका करतात, त्यांतील बहुतेक मीही केल्या आहेत.

वाढ रोगाची की नोंदीची?

एका ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदींत ऑगस्ट महिन्यात डेंगीचे रुग्ण एकदम वाढलेले दिसले, तेव्हा मी उत्साहाने आलेख काढला आणि साथीच्या शक्यतेचे टिपणही तयार केले. टिपण पाठवण्यापूर्वी प्रयोगशाळेत सहज डोकावले असता तेथील तंत्रज्ञ म्हणाले, “मॅडम, किट जूनमध्येच संपले होते, ते आत्ता ऑगस्टमध्ये आले.” जून-जुलैमध्ये डेंगी नव्हता असे नाही, तपासणीच होत नव्हती. तेव्हापासून बाधितांच्या आकड्याशेजारी तपासण्यांचा आकडा मांडल्याशिवाय मी कोणताही आलेख पुढे सरकवत नाही.

असाच संशय दर सोमवारी उसळणाऱ्या रुग्णसंख्येबद्दल घ्यावा, कारण रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो आणि दोन दिवसांचा ताप एकाच दिवशी नोंदवहीत उतरतो. अशा वेळी रोजच्या आकड्यांऐवजी आठवड्याची बेरीज पाहणे बरे. आकडा अचानक घटला तरीही आनंद मानण्याची घाई नको. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीस एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमधील ओळींची मर्यादा संपल्यामुळे कोविडचे १५,८४१ बाधित राष्ट्रीय मोजणीत आलेच नव्हते. फाइल उघडल्याबरोबर ओळी मोजाव्यात आणि त्या मूळ यंत्रणेतील संख्येशी जुळतात का ते पाहावे, इतका साधा हा उपाय आहे.

अंश सापडतो, छेद हरवतो

सर्वाधिक चुका छेदात, म्हणजे रुग्णसंख्येला ज्या एकूण संख्येने भागायचे तिच्यात होतात. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. त्यामुळे प्रसूतीची नोंद एका तालुक्यात आणि बाळाच्या पुढच्या लसींची नोंद सासरच्या तालुक्यात सापडते. ऊसतोडीला निघालेल्या बीडच्या कुटुंबांतील मुलांचेही असेच होते. ‘बाळाची लस चुकली’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ते बाळ त्या वेळी त्या गावात होते का, हे विचारायला हवे. नोंदी जोडताना तर आणखी पेच पडतो, कारण लग्नानंतर स्त्रीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलू शकतात. केवळ पूर्ण नावावर विसंबून जोडणी केली, तर एकच स्त्री दोन रुग्ण म्हणून मोजली जाते. पहिले नाव, जन्मवर्ष, मोबाइल क्रमांक आणि बाळाची जन्मतारीख यांची एकत्र सांगड घालावी, आणि जुळलेल्या जोड्यांपैकी काही डोळ्यांनी तपासाव्यात. वयाच्या रकान्यातही ५० आणि ६० यांची गर्दी दिसते, कारण वय बहुधा अंदाजाने सांगितलेले असते. म्हणून एकेका वर्षाऐवजी वयोगट वापरावेत, आणि ते पाडताना ही गर्दी नेमकी गटाच्या सीमेवर येणार नाही असे पाहावे.

रोगसर्वेक्षणात आरोग्यसेविकेचा ‘एस’, वैद्यकीय अधिकाऱ्याचा ‘पी’ आणि प्रयोगशाळेचा ‘एल’ असे तीन अर्ज असतात. तापाचा एकच रुग्ण तिन्हींत येऊ शकतो, म्हणून त्यांची बेरीज करू नये. लोकसंख्येच्या बाबतीतही, २०११ च्या जनगणनेचा आकडा हिंजवडी किंवा वाघोलीसारख्या झपाट्याने वाढलेल्या गावांना लावला, तर रोगाचा दर उगाच फुगतो.

रुग्णालयाच्या नोंदी म्हणजे समाज नव्हे, हे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्येच दाखवून दिले होते: दोन आजार असलेला माणूस रुग्णालयात येण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे समाजात एकमेकांशी संबंध नसलेले आजारही तेथे जोडीने आढळतात. बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने १९८७ पासून वेगळी वाट धरली. तेथील कर्मचारी रुग्ण येण्याची वाट न पाहता गावोगावी जातात. नोंदींवर काम करणाऱ्याने एकदा तरी अशा फेरीत सामील व्हावे, असे मला वाटते.

जगले म्हणून मिळाले, की मिळाले म्हणून जगले?

ही चूक अनुभवी लोकांकडूनही होते. समजा, क्षयरोगाच्या ज्या रुग्णांना निक्षय पोषण योजनेचे (उपचारकाळात आहारासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे) सर्व हप्ते मिळाले, त्यांच्यातील मृत्यू इतरांपेक्षा फार कमी दिसले. परंतु जो रुग्ण दुसऱ्याच महिन्यात दगावला, त्याला सहा महिन्यांचे हप्ते मिळणे शक्यच नव्हते. म्हणजे जिवंत राहणे ही पहिल्या गटात येण्याची अटच होती. यावर उपाय असा की सर्वांचा कालावधी निदानाच्या दिवसापासून मोजावा, आणि पहिला हप्ता मिळेपर्यंतचे दिवस ‘लाभ न मिळालेला काळ’ म्हणून वेगळे धरावेत. सर्व हप्त्यांची अट मात्र सोडूनच द्यावी, कारण ती रुग्णाचे पुढे काय झाले हे आधीच गृहीत धरते.

मृत्यूचे कारण वाचताना

मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे लिहिलेले वारंवार आढळते. मृत्यू म्हटला की हृदय थांबणारच. ते कारण नव्हे. पहिल्या भागातील सर्वांत खालच्या भरलेल्या ओळीत मूळ आजार अपेक्षित असतो. तो नसेल, तर शक्य तेथे केसपेपर मागवावा. नाहीतर असे मृत्यू हृदयविकारात न घालता ‘कारण अस्पष्ट’ या गटात ठेवावेत.

नाव पुसले म्हणजे ओळख पुसली असे नाही

दीड हजार वस्तीच्या गावातील थॅलेसेमिया असलेली ११ वर्षांची मुलगी कोण, हे त्या गावात कोणालाही नावाशिवाय सांगता येईल. त्यामुळे नैतिकता समितीची मान्यता माहिती हाती घेण्यापूर्वीच घ्यावी, गावाऐवजी तालुका आणि वयाऐवजी वयोगट ठेवावा, आणि तक्त्याच्या ज्या चौकटीत मोजकेच रुग्ण असतील ती अहवालात शेजारच्या चौकटीत मिळवून टाकावी. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घरी नेऊ नये, अगदी मुदत दुसऱ्या दिवशी संपत असली तरी.